टेबल उलटं करून बघा

मागच्या अंकात लाकडी कपाटांबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की आमच्या बैठकीतलं क्रोमच्या पायांचं, काचेचं टेबल मी पॅरिसच्या सँ-तुआँच्या जुन्या बाजारातून 80 युरोला उचललं. कपाटांवर दोन पत्रं आली. टेबलावर अकरा! म्हणून या वेळचं पान क्रोम आणि काचेला.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी कोल्हापूरची. उद्यमनगरात वडिलांचं निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचं छोटं वर्कशॉप होतं : मोटरसायकलचे सायलेन्सर, स्कूटरची हँडलं, क्वचित एखाद्या दवाखान्याचा पलंग. 1989 साली लग्न होऊन पॅरिसला आले. आता पॅरिसला खेटून असलेल्या मोंत्रयमध्ये राहते आणि गेली 22 वर्षं लोकांचं जुनं फर्निचर दुरुस्त करते. आपल्या पानाच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावं छापत नाही, गाव छापते.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नुकतेच लिओंला भाड्याच्या घरात राहायला आलो. इथल्या एका दुकानदाराकडे क्रोमचं, काचेचं बुटकं टेबल बघितलं. तो म्हणतो, 1930 सालचं आहे, ‘ल कॉर्बुझिएच्या पठडीतलं’, म्हणजे त्या नावाजलेल्या वास्तुविशारदाच्या. 900 युरो सांगतोय. काच थोडी तपकिरी झाक असलेली आहे. घ्यावं का? खरं-खोटं कसं ओळखायचं? (लिओं)

उत्तर : ‘पठडीतलं’ या शब्दाचेच निम्मे पैसे लावलेत त्यानं.

आधी तुमच्या पत्रातलीच गोष्ट. तपकिरी, धुरकट काच म्हणजे बहुतेक वेळा 1970 च्या आसपासचा माल. त्या दशकात फ्रान्समध्ये अशा काचेची चलती होती. चौकोनी नळी किंवा चपटी पट्टी, कोपऱ्याला कधी पितळेचा तुकडा, वर धुरकट काच, आणि घरमालकाच्या मिशा. असली टेबलं इथे घरोघरी होती. नातवंडं आता ती विकायला काढतात, म्हणून बाजारात इतकी दिसतात. ती वाईट नाहीत, माझंही त्यातलंच आहे. पण 1930 चं म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

खरं 1930 च्या आसपासचं फार थोडं आहे. शार्लोत पेरियाँ नावाची 24 वर्षांची मुलगी 1927 साली ल कॉर्बुझिएकडे काम मागायला गेली, तेव्हा ‘आमच्याकडे उशांवर भरतकाम करत नाहीत’ असं म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात तिनं आपल्या घराच्या माळ्यावरचा बार मांडला. निकेल चढवलेलं तांबं आणि ॲल्युमिनियम, सगळं चकचकीत. तो बघून ल कॉर्बुझिएनं तिला बोलावून घेतलं. पुढे ती, तो आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे अशा तिघांनी नळीच्या खुर्च्या, आरामखुर्ची, काचेचं टेबल हे सगळं 1929 च्या शरद प्रदर्शनात मांडलं. बनवलं थोनेटनं, म्हणजे वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांसाठी जगभर नाव झालेली तीच कंपनी. त्या वेळी खप जेमतेम झाला. आज शोरूममध्ये दिसतात त्या इटलीच्या कासिना कंपनीनं 1965 पासून परवान्यानं बनवलेल्या, आणि त्यांच्या नळीवर ल कॉर्बुझिएची सही आणि नंबर कोरलेला असतो. गंमत म्हणजे त्या तिघांच्या मोठ्या काचेच्या टेबलाचे पाय क्रोमचे नाहीतच. विमानाच्या लंबगोल नळीचे, रंग दिलेले. तेव्हा ‘ल कॉर्बुझिएचं टेबल म्हणजे क्रोम’ हे समीकरणच दुकानदारांचं.

आता तपासणी. दुकानात गेलात की काच उतरवायला सांगा आणि टेबल उलटं करा. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी करा. वरची बाजू विकायसाठी असते, खालच्या बाजूला कुणी सजवत नाही.

स्क्रू बघा. अधिकचं चिन्ह असलेल्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत आले आणि युरोपात रुळले ते बहुतांशी युद्धानंतर. 1930 च्या फ्रेंच टेबलाला एका आडव्या खाचेचेच स्क्रू हवेत. एखादा बदलला असेल तर माफ. आठही बदललेले असतील तर ते टेबलच नंतरचं.

लोहचुंबक न्या. फ्रिजवरचं चालेल. चिकटलं तर आत पोलाद. नाही चिकटलं तर पितळ, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील असू शकतं. यात घोटाळा कुठे होतो ते सांगते. 1968 च्या सुमाराला मारिया पर्गे हिनं पॅरिसमध्ये स्टेनलेस स्टीलचं फर्निचर केलं, पत्र्याची वळणदार खुर्ची, तरंगत्या सतरंजीसारखा दिवाण. ते क्रोम नव्हे. मुलामाच नाही त्यावर, आरपार एकच धातू. पण दुकानात दोन्हीला ‘क्रोम’ म्हणूनच विकतात. स्टेनलेसला टवका पडत नाही, म्हणून कडा बोटानं चाचपून बघा.

रंग बघा. हे मी वडिलांकडून शिकले. क्रोमची झाक निळसर, थंड. निकेलची पिवळसर, तुपासारखी. क्रोमचा मुलामा धंद्याच्या प्रमाणावर आला 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे अगदी सुरुवातीच्या नळीच्या फर्निचरवर निकेलच असायचं. दिवसाउजेडी दाराशी नेऊन एखाद्या नव्या नळाच्या तोटीशेजारी धरा, फरक लगेच दिसतो.

आणि काचेचा कोपरा. तिथे ठशात ‘ईएन 12150’ (कडक काचेच्या युरोपीय मानकाचा क्रमांक) असं काही असेल तर ती भट्टीत कडक केलेली, म्हणजे ‘टफन्ड’ काच आहे, आणि याच शतकातली आहे. फ्रेम जुनी असू शकते, काच नव्हे.

माझं मत विचारलंत तर टेबल चांगल्या बांध्याचं असेल तर 200 द्या. जास्तीत जास्त 250. ‘पठडी’ त्याच्याकडेच राहू द्या.

जाता जाता, ‘फ्रेंच’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पेरियाँनं पुढे आल्प्समध्ये लेझार्क नावाचं बर्फातलं विश्रामगाव उभारायला मदत केली. तिथल्या घरांमध्ये क्रोमच्या नळीवर जाड चामडं ताणलेल्या खुर्च्या होत्या. त्या वर्षानुवर्षं ‘पेरियाँच्या’ म्हणून विकल्या गेल्या. खरं तर त्या इटलीत बनलेल्या. तिनं त्या निवडल्या होत्या, रेखाटल्या नव्हत्या.

प्रश्न : काचेवर बोटांचे ठसे फार दिसतात का? (तुलूझ)

उत्तर : हो.

प्रश्न : नमस्कार. आम्ही नीसला समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. क्रोमच्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या, त्यांच्या पायांवर तांबूस ठिपके आलेत. मिस्टरांनी संडास साफ करायचं ॲसिड लावून बघितलं, तर तेवढा भाग पांढुरका पडला. आता पुन्हा क्रोम करून घ्यावं का? (नीस)

उत्तर : मिस्टरांच्या हातातली बाटली आधी काढून घ्या.

तुम्हाला दिसते ती चकाकी म्हणजे निव्वळ क्रोम नव्हे. खाली पोलाद, त्यावर निकेलचा थर, आणि सगळ्यात वर क्रोमचा पापुद्रा, अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेरचा. डोक्याच्या केसाच्या जाडीचे शंभराहून जास्त भाग केले तर त्यातला एक. गंज रोखतं ते निकेल. क्रोम त्याला काळं पडू देत नाही आणि ओरखड्यापासून वाचवतं. वडील नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे, “निकेल नीट बसलं नसंल, तर वरचं क्रोम म्हंजे नुसतं तोंडदेखलं.” थरात सुईच्या टोकाएवढी भोकं असतातच. खारी हवा तिथून आत शिरते, खालचं पोलाद गंजतं आणि तो गंज वर येऊन ठिपका दिसतो. म्हणजे डाग क्रोमचा नाही, तळातून आलेला आहे. (ठिपका हिरवा असता तर आत पितळ आहे असं समजले असते.)

मिठाचं (हायड्रोक्लोरिक) ॲसिड क्रोमच विरघळवतं. संडासाच्या बऱ्याच बाटल्यांमध्ये तेच असतं. तो पांढुरका डाग आता राहणार.

बाकीच्या ठिपक्यांना स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद घ्या, ज्यात पोळ्या गुंडाळतो तो. चुरगळून बोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही, आणि ओल्या गंजावर त्याची प्रक्रिया होऊन गंज सुटतो. राखाडी चिखल होईल, घाबरू नका. ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं, आणि त्यावर मेणाचा पातळ हात. गाडीला लावतात ते मेण उत्तम. तुमच्याकडे समुद्र आहे, तर दर दोन-तीन महिन्यांनी मेण. घासताना पापुद्रा सुटायला लागला तर तिथेच थांबा. तो भाग आता तसाच जपायचा.

पुन्हा क्रोम? माझं उत्तर नव्वद टक्के वेळा ‘नको’ असतं, आणि हे मी मुलामा चढवणाऱ्याची मुलगी म्हणून सांगते. पुन्हा चढवायचं म्हणजे जुना थर उतरवायचा, नळी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासून गुळगुळीत करायची, मग तांबं, निकेल, क्रोम असे एकामागून एक हौद. बफवर कडा गोल होतात, कारागिराची जोडणीतली रेघ पुसली जाते. खुर्ची नवी होते, पण ती खुर्ची राहत नाही. शिवाय आता अशी दुकानं कमी झालीत. हौदात लागणाऱ्या क्रोमियम ट्रायऑक्साइडला युरोपात सप्टेंबर 2017 पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, कारण त्यानं कर्करोग होतो. मला त्याचं दुःख नाही. वडिलांच्या बोटांवर क्रोमचे व्रण कायम असायचे, भोकासारखे, खोल. आई रोज रात्री खोबरेल तेल लावायची. नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलं होतं ते डॉक्टरांना साठीत दिसलं. तेव्हा हातमोजे होते, पण खुंटीला.

प्रश्न : सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येताहेत आणि आमचं बाळ नुकतंच उभं राहायला शिकलंय. घरात जुनं काचेचं टेबल आहे. मैत्रिणी म्हणतात विकून टाक. मला ते फार आवडतं. (ग्रनोब्ल)

उत्तर : विकू नका, काच बदला.

जुनी काच साधी असण्याची शक्यता मोठी. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. कडक केलेल्या काचेचा चुरा होतो, शेंगदाण्याएवढा. काचवाल्याकडे जाऊन मूळ काचेचं माप द्या आणि तशीच जाडी, तोच रंग, कडक केलेली मागा. माप मात्र एकदाच आणि नीट द्या, कारण कडक केल्यावर ती काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. जे करायचं ते भट्टीत जाण्याआधी. मी एकदा 4 मिलिमीटरनं चुकले आणि ती काच आजही तळघरात भिंतीला टेकून उभी आहे.

वजनाचा अंदाज घ्या : एक चौरस मीटर काच, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे 120 बाय 70 सेंटिमीटरची 10 मिलिमीटर जाड काच 21 किलो भरते. एकटीनं उचलू नका. मूळ काच जुन्या चादरीत गुंडाळून पलंगामागे उभी ठेवा, आडवी नाही. कधी विकावंसं वाटलं तर ती लागेल. बाळ मोठं होईपर्यंत कोपऱ्यांना रबरी टोप्या लावा. टेबल कुरूप दिसेल, दिसू द्या.

आणि सासूबाईंचं. त्या गरम कुकर टेबलावर ठेवणार. माझ्याही सासूबाईंनी ठेवला होता, 1994 साली, आणि आवाज झाला तेव्हा त्या स्वतः इतक्या दचकल्या की मला रागावताच आलं नाही. साधी काच एकाच जागी 40 अंशांच्या आसपास तापमानाचा फरक आला की तडकू शकते, कडक केलेली 200 पर्यंत सोसते. त्यांना तसं काही सांगत बसू नका. पहिल्याच दिवशी एक छानसा लाकडी पाट टेबलावर ठेवा आणि म्हणा, “आई, हा तुमच्यासाठी.”

प्रश्न : मावशी, मी इंदूरची, पॅरिसमध्ये शिकते. माझ्या फ्रेंच मैत्रिणीला मी म्हटलं, हे क्रोम-काचेचं फर्निचर आमच्या राजवाड्यात तुमच्या बैठकांच्या आधी पोचलं होतं. तिनं हसण्यावारी नेलं. आजी सांगायची ते खरं आहे ना? (पॅरिस)

उत्तर : खरं आहे, बाई, आणि तुझ्या मैत्रिणीला रिव्होली रस्त्यावरच्या सजावट-कलांच्या संग्रहालयात विचारायला सांग. 2019 साली तिथे यशवंतराव होळकरांवर आख्खं प्रदर्शन झालं.

यशवंतराव दुसरे 1926 साली गादीवर आले तेव्हा अठराचेही नव्हते. ऑक्सफर्डला असताना एकार्ट मुथेसिउस या बर्लिनच्या तरुण वास्तुविशारदाशी गट्टी जमली, आणि 1930 च्या सुमाराला त्याच्याकडेच इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचं काम दिलं. बाहेरून साधी इमारत, आतून युरोपातल्या भल्याभल्यांनी बघत राहावं अशी. पॅरिसच्या लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी राजा-राणीच्या शयनगृहांसाठी धातू आणि काचेचे पलंग केले. पेरियाँच्या त्या तिघांची आरामखुर्ची होती. आयलीन ग्रे या पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश बाईची ‘ट्रान्साट’ खुर्चीही होती, बोटीवरच्या डेकखुर्चीवरून सुचलेली. (तिचंच ते पोलादी नळी आणि गोल काचेचं, उंची कमीजास्त होणारं छोटं टेबल. बहिणीला पलंगावर नाश्ता करता यावा म्हणून काढलेलं. आज त्याच्या इतक्या नकला आहेत की तू दंतवैद्याकडे जाशील तर तिथेही दिसेल.) पण मैत्रिणीशी भांडताना एक सांभाळ : सगळं फ्रेंच नव्हतं. ग्रंथालयातल्या, दिवे जडवलेल्या लाल खुर्च्या मुथेसिउसच्या स्वतःच्या.

त्यात माझा आनंद वेगळा. राणी संयोगितादेवी कागलच्या घाटग्यांच्या. म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या उंबऱ्यावरच्या! काचेच्या पलंगावर कागलची मुलगी. मी प्रदर्शनाला गेले तेव्हा दोन तासांतला अर्धा वेळ वाकून खुर्च्यांच्या खालून जोड बघत होते. रखवालदारानं दोनदा हटकलं.

संयोगितादेवी 1937 साली गेल्या, फार लहान वयात. यशवंतराव 1961 ला. 1980 साली मोनॅकोत सोथबीजनं माणिकबागेतलं सामान लिलावात काढलं आणि ते जगभर पांगलं. वाड्यात आता केंद्राच्या करखात्याचं कार्यालय आहे. सुट्टीत घरी गेलीस की बाहेरून तरी बघून ये.

अजून एक, मैत्रिणीच्या तोंडावर मारायला. 1928 ला पॅरिसमध्ये पोलादी नळ्या वाकवणाऱ्या तिघांपैकी पिएर जानरे 1951 मध्ये चंदीगड बांधायला भारतात आला आणि 1965 पर्यंत राहिला. तिथे त्यानं काय वापरलं? सागवान आणि वेत. त्याच्या त्या सरकारी खुर्च्या पुढे भंगार म्हणून गच्च्यांवर सडल्या, आणि आता पॅरिसच्या दुकानांत क्रोमच्या खुर्च्यांच्या शेजारी, त्यांच्याहून महाग बसलेल्या असतात.

प्रश्न : तीस वर्षांनी कायमचे पुण्याला परत चाललोय. 1970 सालचं क्रोमचं टेबल न्यावं की इथेच द्यावं? (पॅरिस)

उत्तर : फ्रेम न्या, काच इथे सोडा. पारदर्शक काच पुण्यात हवी तशी कापून मिळते, तिच्यासाठी लाकडी पेटी आणि वाहतूक कशाला? धुरकट असेल तर मात्र आधी पुण्यातल्या काचवाल्याला नमुन्याचा फोटो पाठवून तसाच रंग मिळतो का विचारा. ‘ब्राऊन’ म्हणून काहीही गळ्यात मारतात.

फ्रेम सुटी होत असेल तर सुटी करा. मेण लावा, सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, बोटीच्या प्रवासात आत दमट होऊन तुम्ही पोचायच्या आत गंज पोचेल. पुण्याचा पावसाळा नीसच्या समुद्रापेक्षा बरा, पण जून ते सप्टेंबर पाय ओल्या फरशीवर नकोत. खाली बुचाची चकती लावा.

स्क्रू एका पिशवीत, पिशवीवर टेबलाचं नाव, आणि ती पिशवी फ्रेमलाच बांधा. माझ्या 80 युरोच्या टेबलाचा आठवा स्क्रू मोंत्रयच्या घरातच कुठल्यातरी डब्यात आहे, अकरा वर्षं झाली.